नाटक मंडळीचा कपडेपट संग्रहालयात येतो तेव्हा

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या, विश्वस्त मंडळाच्या हाती असलेल्या संग्रहालयातलं आहे. संस्थेचं, घराण्याचं आणि नाटक मंडळीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. वस्त्रांची नोंदणी आणि जतन याबाबत सल्ला देण्यासाठी मला बोलावलं होतं, त्यामुळे बहुतेक बैठकांना मी हजर होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत नाटक रंगभूमीवर आणलं. पुढची पन्नासेक वर्षं मंडळ्यांची होती. मंडळी म्हणजे फिरतं बिऱ्हाडच. नट, साथीदार, आचारी, रंगवलेले पडदे आणि त्यांच्याबरोबर कपडेपट. कोणत्या भूमिकेला कोणतं वस्त्र, ते कुणाच्या ताब्यात आहे, धुवायला कधी गेलं, याचा हिशेब ठेवणारा माणूस वेगळा असे. स्त्रीभूमिका पुरुष करत, आणि बालगंधर्वांच्या काळात तर रंगमंचावरच्या शालू-पैठण्यांची चर्चा घराघरांत होई. त्या वस्त्रांपैकी फार थोडी आज शिल्लक आहेत. मंडळ्या मोडल्या, कपडेपट वाटले गेले, आणि जरीची लुगडी दारावर येणाऱ्या जरवाल्याकडे गेली. त्याने ती जाळून चांदी काढली. मराठी घरांतली किती वस्त्रं अशी संपली, याचा विचार केला तरी जीव हळहळतो.

शनिवार पेठेतल्या एका वाड्यात मात्र दोन लोखंडी ट्रंका तशाच राहिल्या होत्या. वाडा पुनर्विकासाला गेला आणि घर रिकामं करायची तारीख ठरली, तेव्हा माळ्यावरून त्या खाली आल्या. घरातले सर्वांत वडील माणूस, ज्यांना सगळे काका म्हणत, ते ऐंशीच्या घरातले. त्यांचे वडील एका मंडळीत स्त्रीपार्टी नट होते. ट्रंकांमध्ये एक जांभळी नऊवारी पैठणी, दोन शेले, सात-आठ चोळ्या, एक अंगरखा, जरीचे मंदील, खोटे दागिने आणि कपडेपटाची एक वही होती. वही हे मोठंच भाग्य. वस्त्रं पुष्कळ संग्रहालयांत असतात, पण ती कुणी, कधी, कशासाठी वापरली हे सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो.

ट्रंका टेंपोतून संग्रहालयात आल्या त्या घाईगर्दीतच. संस्थेच्या चिटणीसांनी एका साध्या पत्रावर पोच दिली. देताना काकांनी एक अट तोंडी घातली: घराण्यातल्या कलावंताला कधी रंगमंचावर पैठणी नेसावीशी वाटली, तर ती मिळाली पाहिजे. चिटणीस म्हणाले, "अहो काका, ती तुमचीच आहे." हे वाक्य कागदावर कुठेच नव्हतं. घरच्यांच्या लक्षात मात्र ते पक्कं बसलं होतं.

अडचण कशी उभी राहिली

वर्षभराने घराण्याचं पत्र आलं. काकांच्या वडिलांच्या स्मरणार्थ पुण्यात नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरला होता. त्यांची पणती नाट्यसंगीत शिकलेली, आवाजाची गोड आणि अतिशय मनस्वी मुलगी. ती पणजोबांच्या गाजलेल्या भूमिकेतला एक प्रवेश करणार होती, आणि तो मूळ पैठणी नेसून. कार्यक्रमाला एक प्रायोजक मिळाला होता. पैठणी रंगमंचावर आली तर संग्रहालयात वस्त्रांचं दालन उभं करायला मदत करू, असंही त्याने कळवलं होतं.

विश्वस्तांपैकी बहुतेकांचा कल होकाराकडे होता. लोभ हे त्यामागचं कारण नव्हतं, हे आवर्जून सांगते. संस्था लहान, उत्पन्न तुटपुंजं. वस्त्रांसाठी नीट कपाटं घ्यायलाही पैसे नव्हते. एका संध्याकाळच्या कार्यक्रमातून दालन उभं राहत असेल तर नाही कशाला म्हणायचं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यातच एका विश्वस्तांनी अमेरिकेचा दाखला दिला. "मेरिलिन मन्रोचा झगा त्या नटीने घातलाच ना? काय बिघडलं?"

हा दाखला आला हे एका अर्थी बरंच झालं, कारण त्या प्रसंगानंतर काय घडलं ते सांगता आलं. १९६२ साली मन्रोने घातलेला तो झगा २ मे २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्यात टीव्हीतारका किम कार्दाशियनने घातला. झगा एका खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. पायऱ्या चढून होईपर्यंतच तो तिच्या अंगावर होता, नंतर तिने हुबेहूब प्रतिकृती घातली. तरीही आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या, म्हणजे आयकॉमच्या वेशभूषा समितीने लगेच निवेदन काढलं. ऐतिहासिक वस्त्र कुणीही अंगावर घालू नये, मग ती व्यक्ती प्रसिद्ध असो वा नसो, आणि वस्त्र खाजगी मालकीचं असलं तरी तो वारसा सगळ्यांचा आहे, असं तिने स्पष्ट म्हटलं. संग्रहालयांनी अशी वस्त्रं नेसायला किंवा घालायला उसनी देऊ नयेत, असाही आग्रह धरला.

ही समिती कोण, हे विश्वस्तांना समजावून सांगावं लागलं. आयकॉम ही संग्रहालयात काम करणाऱ्यांची जागतिक संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली. तिचं मुख्यालय पॅरिसला आहे. तिच्या विषयवार समित्या आहेत, आणि वेशभूषेची समिती १९६२ पासून काम करते आहे. आता तिच्या नावात वेशभूषेबरोबर फॅशन आणि वस्त्रंही आली आहेत. देशोदेशीचे अभिरक्षक, जतनतज्ज्ञ, नोंदणी करणारे तिच्यात असतात. वस्त्रसंग्रह कसा हाताळावा, साठवावा, मांडावा यासाठी समितीने मार्गदर्शक सूचना तयार केल्या, आणि १९८२ साली वस्त्रांची नोंद करण्यासाठी इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांत मूलभूत शब्दावली छापली. सूचना वाचताना प्रयोगशाळा किंवा मोठा निधी असलेली संग्रहालयंच डोळ्यांसमोर येत नाहीत. हात स्वच्छ ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, वस्त्राजवळ शाईचं पेन नेऊ नका, पेन्सिल वापरा, अशा गोष्टी तिथे आहेत. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या संस्थेलाही त्या उद्यापासून पाळता येतात. आणि जतन करायचं म्हणून घेतलेलं वस्त्र पुन्हा अंगावर चढवायचं नाही, हा त्यांतला सर्वांत ठाम नियम.

विश्वस्तांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, "पण मॅडम, ही समिती आपल्याला दंड करणार आहे का?" दंड कुणीच करणार नव्हतं. आयकॉमची आचारसंहिता कायदा नाही, ती व्यवसायाची शिस्त आहे. पाळायची की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात.

पर्याय आणि त्यांचा विचार

चार वाटा समोर होत्या.

पहिली: एकदाच, अर्ध्या तासापुरती पैठणी नेसू द्यायची. हिच्या बाजूने काकांचं म्हणणं सर्वांत ताकदीचं होतं. ते म्हणाले, "अहो, माझ्या वडिलांनी ती नेसून गावंच्या गावं जिंकली. तिची जागा काचेत नाही, रंगमंचावर आहे." यावर पटकन उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. वस्त्र वापरासाठीच विणलं जातं, आणि घरच्यांची माया त्या वस्त्राच्या इतिहासाचाच भाग असते.

पण पैठणीची अवस्था काय होती? आम्ही ती मोठ्या टेबलावर धुतलेल्या मलमलीवर उलगडली. पदराचा जरीचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा, वेगवेगळ्या रंगांचे बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवून विणलेला. जुन्या पैठणीची खरी ओळख तीच. जरीचा धागा रेशमावर चांदीची पट्टी गुंडाळून मुलामा दिलेला, जागोजागी काळवंडलेला. निऱ्यांच्या जुन्या घड्या जिथे होत्या तिथे रेशीम चिरलेलं, दोन ठिकाणी तर उभ्या धाग्यांची नुसती झालर उरलेली. नऊवारी नेसताना काष्टा मागे ओढून खोचतात, बसता-उठताना सगळा ताण त्या एका जागी येतो. वर पदराच्या जरीचं वजन खांद्यावर. त्यात दिव्यांची उष्णता आणि घाम. चिरलेल्या रेशमाला हे अर्धा तास झेपलं नसतं. फाटलेलं रेशीम पुन्हा सांधता येतं, पण मोडलेला धागा पूर्ववत होत नाही.

दुसरी वाट: सरळ नकार. नियमाला धरून, कमीत कमी शब्दांत. संस्थेतल्या संग्रह सांभाळणाऱ्या तरुण कर्मचारी ताईंना हेच योग्य वाटत होतं. त्यांचं मत चुकीचं नव्हतं. पण नुसत्या नकाराने घराणं दुरावलं असतं, आणि कपडेपटाच्या वहीतली कितीतरी नावं, खुणा, आठवणी फक्त काकांनाच ठाऊक होत्या. त्या दाराला कुलूप लागलं तर वस्त्रं मुकी झाली असती.

तिसरी: पैठणी रंगमंचावर आणायची, पण काचेच्या पेटीत, नेसायची नाही. दिसायला ही वाट सोपी. पण रेशमासाठी प्रकाशाची मर्यादा साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) धरतात, आणि नाटकाच्या दिव्यांखाली तो आकडा कितीतरी पट ओलांडला जातो. शिवाय टेंपो, जिना, विंग, माणसांची गर्दी. एका संध्याकाळसाठी इतकी जोखीम कशाला?

चौथी: वस्त्राची प्रतिकृती करायची आणि ती नेसायची. हिला वेळ आणि पैसा लागतो. येवल्याचा विणकर पैठणी विणून देऊ शकतो, पण पदरावरच्या कामाप्रमाणे तिला महिने लागतात. कार्यक्रम त्याच्या आत होता.

निर्णय अडकला होता तो पहिल्या आणि चौथ्या वाटेच्या मध्ये. सुटला तो भलत्याच कारणाने.

ट्रंका उघडल्यापासून त्यांना एक उग्र वास होता. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आई दर पावसाळ्याआधी गॅमेक्सिन मारायची. वाळवीसाठी." गॅमेक्सिन पावडर आपल्याकडच्या कित्येक घरांत माळ्यावर, धान्याच्या कोठीत, कपड्यांत सर्रास टाकली जाई. हे बीएचसी नावाचं कीटकनाशक. भारतात त्यावर १९९७ साली बंदी आली, आणि त्यातलाच लिंडेन हा भाग आणखी काही वर्षांनी बंद झाला. ट्रंकेच्या तळाची धूळ आम्ही तपासायला पाठवली. कीटकनाशकाचा अंश निघाला. शिवाय जुन्या रंगभूषेत सफेदा आणि हिंगूळ असे, आणि हिंगुळात पारा असतो. चोळ्यांच्या गळ्यांवर ते डाग स्पष्ट होते. अशी वस्त्रं तरुण मुलीच्या घामेजल्या अंगावर तासभर ठेवायची?

हे ऐकल्यावर विश्वस्तांचा होकाराचा आग्रह संपला. मला मात्र त्या दिवशी समाधान वाटलं नाही. निर्णय बरोबर झाला, पण तो विषाच्या भीतीने झाला. उद्या एखाद्या घरातून निर्मळ, वेखंडाच्या पुडीत जपलेलं लुगडं येईल, त्यात काही धोका नसेल, तेव्हा हेच विश्वस्त काय म्हणतील? वस्त्राची झीज हेच पुरेसं कारण असायला हवं. म्हणून बैठकीच्या इतिवृत्तात दोन्ही कारणं वेगवेगळी लिहून घेतली. आरोग्याचं कारण या वस्त्रांपुरतं आणि जतनाचं कारण सगळ्या संग्रहासाठी.

काय केलं

आधी घराण्याशी बोलणं. पत्र पाठवलं नाही. काकांना आणि पणतीला संग्रहालयात बोलावलं. पैठणी टेबलावर पसरलेली होती. चिरलेल्या घड्या त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पणती म्हणाली, "मला हात तरी लावू द्याल?" धुळीत कीटकनाशक होतं म्हणून तिला नायट्राइलचे हातमोजे दिले, आणि काठाजवळचा घट्ट भाग दाखवला. मग ताईंनी तिच्यासमोर एक चोळी ठेवली.

ती चोळी तपशीलवार सांगण्यासारखी आहे. बाहेरून पाहिली तर खणाची साधी चोळी. आतून पाहिली तर खांद्याला नंतर जोडलेली वेगळी पट्टी, बगलेत तिकोनी तुकडा घालून वाढवलेली रुंदी, आणि छातीच्या भागात अस्तराच्या आत दाबून बसवलेला कापूस. बायकांच्या बेताने शिवलेली चोळी पुरुषाच्या अंगाला बसवली होती. ती दोनदा उसवून दोनदा शिवलेली, कारण टाक्यांचा दोरा दोन रंगांचा. बगलेत घामाचा गडद गोल. आतल्या दुमडीवर धोब्याची बिब्ब्याने घातलेली बारीक खूण, आणि तीच खूण कपडेपटाच्या वहीत काकांच्या वडिलांच्या नावापुढे. पुरुष नट स्त्री कसा होत होता, त्यासाठी शिंपी, धोबी आणि कपडेपटवाला काय काय करत होते, ते त्या हातभर कापडात सगळं होतं. चोळी धुवून इस्त्री करून नेसायला दिली असती, तर घाम गेला असता, खूण पुसट झाली असती, कापूस गोळा झाला असता.

पणतीने तिथेच ठरवलं की पैठणीपेक्षा तिला ही चोळी जास्त हवी आहे, पण नवी शिवून. काकांना ते पटायला वेळ लागला. त्यांनी होकार दिला तो नाराजीनेच, आणि ती नाराजी नोंदीत तशीच आहे.

चोळीचा नमुना मूळ वस्त्राला टाचणी न लावता, फितीने मापं घेऊन कागदावर उतरवला. लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या शिंप्याने तो बघितला आणि बगलेतला तुकडा असा का घातला ते आम्हाला समजावलं. आमच्या पुस्तकांत ते कुठेही नव्हतं. नव्या चोळीवर आतून शाईने तारीख आणि "प्रतिकृती" असं लिहिलं, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाची फसगत होणार नाही. साडी मात्र नवीच घेतली. मूळ पैठणीची प्रतिकृती वेळेत होणार नव्हती, आणि घाईने विणलेली पैठणी मूळ म्हणून खपवणं कुणालाच मान्य नव्हतं.

कीड हा वेगळा प्रश्न होता. शेल्याच्या घड्यांत कसर होती. पुन्हा औषध मारायचं नाही हे ठरलेलं, म्हणून गोठवण्याचा मार्ग घेतला. वस्त्रं पातळ कागदात आणि पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करून उणे २० अंशांच्या खाली दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. खोटे दागिने आणि मणी मात्र गोठवले नाहीत, कारण काच, लाख आणि धातू थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात.

साठवणीत पुण्याची हवा आडवी येते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तीच फार खाली उतरते. पुस्तकात ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता लिहिलेली असते. चोवीस तास वातानुकूलन परवडणारं नव्हतं, आणि रात्री बंद होणारं वातानुकूलन तर नसल्याहून वाईट, कारण रोज दोनदा चढउतार होतो. म्हणून रस्त्याकडच्या खोलीऐवजी मधली, जाड भिंतींची खोली निवडली. पैठणी घडी न घालता रुंद नळीवर गुंडाळली, जरीची बाजू बाहेर ठेवून. गुंडाळायला मांजरपाट वापरला, पण त्यातली खळ उकळून पूर्ण काढून, कारण खळीला कसर लागते. हे एक काम कुणीही घरी करू शकतं, आणि करावंच.

मधल्या टप्प्यावर पुन्हा एक निर्णय आला. खालच्या ट्रंकेतल्या एका शेल्यावर तपकिरी आडवी रेषा होती, आणि घड्यांत अतिशय बारीक गाळ. काका बघताच म्हणाले, "पानशेत." १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, नदीचं पाणी वाड्यात शिरलं होतं, आणि खालची ट्रंक पाण्यात गेली होती. विश्वस्तांपैकी काहींना शेला स्वच्छ करून घ्यावा असं वाटलं. आम्ही तो तसाच ठेवला. जरीचं वस्त्र धुणं मुळातच धोक्याचं, आणि एकदा धुतलेलं पुन्हा न धुतलेलं करता येत नाही. पण खरं कारण वेगळं होतं. शनिवार पेठेतल्या एका घरातून पूर कसा गेला, याचा तो पुरावा आहे. सुटा गाळ मऊ ब्रशने वेगळा काढून छोट्या डबीत नोंद क्रमांकासह ठेवला, रेषा जशीच्या तशी.

नोंदणीसाठी आयकॉम समितीच्या शब्दावलीची चौकट घेतली. ती वस्त्राला नावापेक्षा शरीरावरच्या जागेने ओळखते: कमरेच्या वर, कमरेच्या खाली, दोन्ही मिळून, आतलं, बाहेरचं. चोळी आणि अंगरखा त्यात सहज बसले. नऊवारी बसवताना अडचण आली, कारण घडी घातलेली ती नुसतं लांब कापड असते आणि नेसल्यावर कमरेच्या वर, खाली आणि पायांच्या मधूनही जाते. म्हणून प्रत्येक न शिवलेल्या वस्त्रासाठी दोन नोंदी केल्या. पहिली कापड म्हणून लांबी, काठ, विणकाम. दुसरी नेसणीची: निऱ्यांच्या घड्या कुठे, खोचल्याची झीज कुठे, पदर कोणत्या खांद्यावर जात असावा. ही दुसरी नोंद पणतीच्या आणि काकांच्या मदतीशिवाय झालीच नसती. काकांनी वडिलांना नेसताना पाहिलं नव्हतं, पण आईकडून ऐकलेलं बारकाईने लक्षात ठेवलं होतं.

निष्पत्ती

कार्यक्रम झाला. पणतीने नवी साडी आणि प्रतिकृतीची चोळी नेसून प्रवेश केला. खांद्याची ती जोडलेली पट्टी प्रेक्षकांना दाखवून तिने तिच्याबद्दल दोन मिनिटं बोलणं केलं, आणि सभागृह अगदी मन लावून ऐकत होतं. मूळ चोळी आणि वही पुढे संग्रहालयात मंद प्रकाशात तीन महिने मांडली. त्यानंतर ती आत गेली आणि तिच्या जागी अंगरखा आला. पैठणी अजून प्रदर्शनात नाही. पदराचा भाग आधाराला शिवून घेतल्याशिवाय ती उभी मांडता येणार नाही, आणि ते काम शिकलेल्या जतनतज्ज्ञाकडूनच व्हायला हवं.

प्रायोजकाने कार्यक्रमाचा खर्च दिला, दालनाचा दिला नाही. ते पैसे गेले. हे नुकसान खरं आहे. सहा कपाटांऐवजी संस्थेला दोनच घेता आली.

काका अधूनमधून येतात. त्यांची नाराजी पूर्ण गेलेली नाही, पण वहीतल्या नावांची ओळख पटवण्याचं काम त्यांच्यामुळे जवळजवळ पुरं झालं आहे. घराण्याच्या एका शाखेने मात्र आपल्याकडची उरलेली वस्त्रं संग्रहालयाला द्यायची नाहीत असं ठरवलं. ती वस्त्रं कुठे आहेत, कशी आहेत, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दानपत्र. ट्रंका आल्या त्या दिवशीच ते लिहायला हवं होतं. संग्रहालयाच्या आणि लोकांच्या दूरच्या हिताविरुद्ध जाणाऱ्या अटींसह मिळणारी देणगी नाकारावी लागू शकते, असं आयकॉमने १९८६ साली ब्यूनस आयर्सच्या सभेत मंजूर केलेल्या आचारसंहितेतच म्हटलं होतं. आपल्याकडे मात्र देणाऱ्याला अट विचारणंच उद्धटपणाचं वाटतं. घर रिकामं करायची तारीख डोक्यावर असताना तर नाहीच. पण नेमक्या त्या घाईतच माणसं तोंडी शब्द देतात, आणि पुढे दोन्ही बाजूंना फसवल्यासारखं वाटतं. पानभर मराठीत छापलेला मसुदा कायम तयार ठेवला तर घाईतही सही घेता येते. त्यात तीन गोष्टी ठळक हव्यात: वस्त्र नेसायला किंवा घालायला दिलं जाणार नाही; घरच्यांना ठरवलेल्या वेळी येऊन पाहता येईल; आणि प्रतिकृती करायची असेल तर संग्रहालय मापं आणि मदत देईल. तिसरा मुद्दा नसेल तर पहिला कोरडा वाटतो.

दुसरी गोष्ट प्रतिकृतीची. ती कार्यक्रमाची वाट न पाहता, वस्त्र दाखल होतानाच विचारात घ्यायला हवी. पैठणीचा नमुना आधीच उतरवलेला असता तर येवल्याला काम वेळेत देता आलं असतं, आणि मुलीला नवी साडी नेसावी लागली नसती. आता संस्था मोठ्या वस्त्रांची मापं, काठाचे आणि पदराचे फोटो दाखल होतानाच घेते.

तिसरी, कीटकनाशक. पुण्यातल्या जुन्या घरातून आलेली प्रत्येक ट्रंक, पेटारा, कपाट हे फवारलेलंच आहे असं धरून चालावं. आम्ही ते उघडल्यावर, वास आल्यावर तपासलं. तोपर्यंत दोन-तीन जणांनी उघड्या हातांनी वस्त्रं उचलली होती. आता उघडण्याआधीच हातमोजे आणि मास्क असतात, आणि घरच्यांना पहिला प्रश्न हाच विचारला जातो: यात काय मारत होतात?

विश्वस्त मंडळाने पुढच्या बैठकीत "वस्त्रं परिधानासाठी दिली जाणार नाहीत" असा ठराव केला. त्यात अपवादाची तरतूद ठेवावी की नाही यावर मतं पडली, आणि एका मताने अपवाद वगळला गेला. ज्यांनी अपवाद मागितला होता त्यांनी आपलं मत इतिवृत्तात नोंदवून घेतलं: देवस्थानाच्या, पूजेच्या वस्त्रांचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी विचारला आहे. अशी वस्त्रं अजून या संग्रहात नाहीत. पण कसब्यातल्या एका घराने ती द्यायची तयारी दाखवली आहे, आणि पुढच्या महिन्यात त्यावर बैठक आहे.